मुलांचे ग्रंथकार एरिख केस्टनर

जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं ता. २३ फेब्रुवारी १८९९ रोजीं एरिख केस्टनर यांचा जन्म झाला. वडील खोगिरें करणारे कुशल कारागीर होते. परंतु धंदा बसल्यामुळें त्यांस कारखान्यांत नोकरी पतकरावी लागली. तेव्हां आईनें प्रौढ वयांत केशभूषेचें काम शिकून घेतलें व घरांतील खोली शिक्षकांस भाड्यानें दिली. तिच्या कष्टांवर हा एकुलता एक मुलगा शिकला. आपणही शिक्षक व्हावें असें त्यास वाटे; परंतु १९१७ सालीं त्यास सक्तीनें सैन्यांत नेण्यांत आलें. तेथील निर्दय कवाइतीनें त्याचें हृदय कायमचें दुबळें झालें, आणि आंधळ्या आज्ञापालनाविषयीं मनांत बसलेला तिटकारा जन्मभर गेला नाहीं.

लाइप्झिग विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी १९२५ सालीं मिळवून केस्टनर वर्तमानपत्रांत लिहूं लागले व १९२७ सालीं बर्लिनला आले. तेथें १९२९ सालीं त्यांचें ‘एमिल आणि गुप्तहेर’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. एमिलची आईही केशभूषा करूनच पोट भरते. तिनें घाम गाळून मिळविलेले १४० मार्क एमिलपासून आगगाडींत चोरीस जातात. बर्लिनमधील अनोळखी मुलें एकजुटीनें चोराचा पाठलाग करितात. आणि नोटा अस्तरास टांचल्या असतां पडलेल्या टांचणीच्या भोंकांवरून चोरी सिद्ध होते. १९३१ सालीं या कथेचा बोलपटही निघाला.

पुढें १९३३ सालीं हिटलरचा अंमल सुरू झाला. ता. १० मे रोजीं रात्रीं बर्लिनच्या चौकांत पुस्तकांची होळी झाली. गर्दींत उभे राहून केस्टनर यांनीं आपलें नांव पुकारलेलें ऐकलें व आपलीं पुस्तकें जळतांना पाहिलीं. अनेक ग्रंथकार देश सोडून गेले. हे मात्र राहिले. आईस सोडवेना, आणि जें घडेल तें डोळ्यांनीं पाहून पुढें साक्ष द्यावी, हाही हेतु होता. गुप्त पोलिसांनीं त्यांस दोनदां पकडलें व स्वदेशीं त्यांचीं पुस्तकें छापण्यास बंदी झाली.

येथें एक गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. १९४३ सालच्या ‘म्युंखहाउझेन’ या सरकारी कृपेच्या रंगीत चित्रपटाची पटकथा विशेष परवानगीनें, टोपणनांवाखालीं, त्यांनींच लिहिली. ज्या सत्तेनें पुस्तकें जाळलीं, तिच्याच कामीं लेखणी लागली, याबद्दल त्यांस दोष देणारे आहेत. सुरक्षित घरीं बसून न्याय करणें सोपें असतें, इतकेंच आम्ही म्हणतों. ही परवानगीही टिकली नाहीं. त्यांच्यावर संपूर्ण बंदी आली.

त्या काळावर मोठी कादंबरी लिहिण्याचा बेत त्यांच्या हातून पुरा झाला नाहीं. परंतु आमच्या मतें त्यांची खरी साक्ष मुलांच्या पुस्तकांतच आहे. १९४९ सालच्या ‘प्राण्यांच्या परिषदेंत’ मुलांच्या हितासाठीं पशु एकत्र जमून माणसांस युद्ध थांबविणें भाग पाडतात. त्याच वर्षींच्या दुसऱ्या पुस्तकांत लुइझे व लोट्टे या जुळ्या बहिणी विभक्त झालेल्या आईबापांस पुन्हां एकत्र आणतात. या कथेच्या १९५० सालच्या चित्रपटाची पटकथा त्यांनीं स्वतःच्या नांवानें लिहिली व तीस १९५१ सालीं जर्मन चित्रपट पारितोषिक मिळालें. अमेरिकेमार्गें हीच कथा १९६८ सालच्या ‘दो कलियाँ’ या हिंदी चित्रपटांत आली. १९६० सालीं त्यांस हान्स अँडरसन पदक मिळालें, ता. २९ जुलै १९७४ रोजीं म्यूनिक येथें ते वारले.

मोठ्यांनीं बिघडविलेलें मुलांनीं सावरावें, हें त्यांच्या कथांचें सूत्र होय. बालवाचकांनीं त्यांतून धैर्य घ्यावें. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनीं, मुलांस सावरावें लागेल असें कांहीं बिघडवूं नये.