लिओ कॅनर

लिओ कॅनर (जन्म : १३ जून १८९४, मृत्यू : ३ एप्रिल १९८१) हे ऑस्ट्रियन-अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही बालपणातील स्वतंत्र अवस्था असल्याचे त्यांनी १९४३ मध्ये मांडले. अमेरिकेतील बालमनोविकारशास्त्राचे ते एक प्रवर्तक मानले जातात.

प्रारंभिक जीवन

कॅनर यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील (आताचे युक्रेन) क्लेकोटुव्ह या गावी ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी बर्लिन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत जावे लागल्याने शिक्षणात खंड पडला. १९२१ मध्ये त्यांना पदवी मिळाली. १९२४ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि साउथ डकोटा राज्यातील यँक्टन येथील मनोरुग्णालयात रुजू झाले.

कारकीर्द

१९२८ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तेथे अ‍ॅडॉल्फ मायर यांच्या पाठिंब्याने १९३० मध्ये त्यांनी बालमनोविकार विभाग सुरू केला. त्यांचा १९३५ चा ग्रंथ हे या विषयावरील इंग्रजीतील पहिले पाठ्यपुस्तक समजले जाते. मेरीलँडमधील रोझवूड या संस्थेतून मतिमंद मुलींना न्यायालयीन आदेशाने सोडवून श्रीमंत घरांत अल्प मोबदल्यावर घरकामाला ठेवले जात असे. त्यांची पुढे झालेली दुर्दशा कॅनर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उघडकीस आणली. नाझी छळातून सुटू पाहणाऱ्या अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत येण्यासाठीही त्यांनी मदत केली.

स्वमग्नतेवरील संशोधन

ऑटिझम हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी छिन्नमनस्कतेच्या रुग्णांमधील अंतर्मुखतेसाठी आधीच योजला होता. कॅनर यांनी त्याला निराळा अर्थ दिला. १९३८ मध्ये मिसिसिपीतील डोनाल्ड ट्रिप्लेट हा मुलगा त्यांच्याकडे तपासणीसाठी आला. त्याच्या वडिलांनी मुलाच्या वागण्याचे तेहतीस पानी टिपण आधीच पाठवले होते. पुढे अशी आणखी मुले आढळली. १९४३ च्या निबंधात ८ मुलगे व ३ मुली अशा ११ बालकांच्या नोंदी आहेत. माणसांपासून अलिप्त राहणे, ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे, स्वतःचा उल्लेख ‘मी’ऐवजी ‘तू’ असा करणे, नित्यक्रमातील बदल सहन न होणे आणि काहींची असाधारण स्मरणशक्ती ही वैशिष्ट्ये त्यांनी टिपली.

याच सुमारास व्हिएन्नामध्ये हान्स आस्पेर्गर यांनी मिळतीजुळती लक्षणे वर्णिली. रशियातील ग्रून्या सुखारेवा यांनी अशी वर्णने १९२० च्या दशकातच प्रसिद्ध केली होती.

कारणांविषयीची भूमिका

ही अवस्था जन्मजात असल्याचा निष्कर्ष कॅनर यांनी मूळ निबंधातच काढला होता. मात्र या मुलांचे पालक भावनेने कोरडे असल्याची टिपणीही त्यात होती आणि १९४९ च्या लेखात त्यांनी तिच्यावर अधिक भर दिला. यातूनच आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हा समज रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो आणखी पसरला. आपल्या मुलाच्या अवस्थेला आपणच कारणीभूत आहोत, असा अपराधभाव असंख्य मातांनी वर्षानुवर्षे वाहिला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी जैविक कारणांची बाजू मांडली. १९६९ मध्ये पालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मधील सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांच्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा प्रभाव दाखवून दिला. स्वमग्नतेचे एकच एक कारण आजही सांगता येत नाही. अनेक जनुके आणि जन्मापूर्वीचे घटक मिळून मेंदूच्या विकासावर परिणाम करतात, असे मानले जाते.

उत्तरायुष्य व वारसा

कॅनर १९५९ मध्ये निवृत्त झाले. १९७१ मध्ये त्यांनी मूळ ११ बालकांच्या पुढील आयुष्याचा आढावा प्रसिद्ध केला. ज्यांचा बराच काळ मोठ्या संस्थांमध्ये गेला, त्यांची प्रगती खुंटली होती. एका शेतकरी कुटुंबात राहिलेल्या डोनाल्डने मात्र पुढे पदवी मिळवून बँकेत नोकरी धरली होती. १९८१ मध्ये मेरीलँडमधील साइक्सव्हिल येथे कॅनर यांचे निधन झाले.

त्यांची व्याख्या पुढे विस्तारत गेली आणि स्वमग्नतेकडे सौम्य ते तीव्र अशा वर्णपटाच्या रूपात पाहिले जाऊ लागले. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.