राजवाड्यांचे रुमाल आणि माझी नॅस: डिस्क बंद पडण्याआधी ती उघडून बघा



घरच्या नॅसमधल्या हार्ड डिस्कची तब्येत कशी तपासायची, हा आजचा विषय. पण तो मी एका माणसाच्या आयुष्यातून सांगणार आहे. हा माणूस 1926 साली गेला, म्हणजे डिस्क वगैरे काही त्याने पाहिलं नव्हतं. तरी साठवलेली माहिती कशी मरते आणि ती मरू नये म्हणून काय करावं लागतं, हे मला त्याच्यामुळेच नीट कळलं. तो माणूस म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

आधी माझी चूक सांगतो.

हिरव्या दिव्यावर विश्वास

मी पनवेलला राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यातही सर्व्हरवर लक्ष ठेवायची. आमच्या घरी पणजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती. आत मोडीतली पत्रं, जमिनीचे कागद, हिशेबाच्या वह्या. 26 जुलै 2005 ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती ट्रंक कॉटखालीच होती. कागद वाळवले, पण आत बसलेली ओल काही गेली नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी ते सगळे कागद स्कॅन केले. तोवर कित्येकांचे हात लावताच तुकडे पडत होते.

स्कॅन दोन डिस्कच्या नॅसवर ठेवले आणि रेड 1 लावलं. रेड 1 म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच माहिती, एक गेली तर दुसरी आहेच. आईला सांगून टाकलं की आता काळजी नाही.

गेल्या पावसाळ्यात एक डिस्क गेली. मी नवी आणून बसवली. उरलेल्या डिस्कवरून नवीवर सगळं उतरवायचं काम, म्हणजे रिबिल्ड, सुरू झालं आणि मध्येच अडकलं. उरलेल्या डिस्कवरचे काही सेक्टर वाचताच येत नव्हते. 63 स्कॅन उघडेनात. त्या सकाळपर्यंत पॅनेलवर त्या डिस्कसमोर हिरवा दिवा होता. नॅस घेतल्यापासून मी एकदाही पूर्ण तपासणी लावली नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवणारा मी!

त्यातले 19 स्कॅन परत मिळाले, कारण ते मी मोडी वाचून देणाऱ्या एका काकांना मेल केले होते. बाकीचे 44 गेले. काकांना फोन केला तर ते रागावले नाहीत, फक्त राजवाड्यांचं चरित्र वाच म्हणाले. मी वाचलं.

वरसईचा मुलगा

राजवाड्यांचा जन्म 1863 चा, गाव वरसई. हे गाव पेण तालुक्यात, म्हणजे आमच्या पनवेलला लागून असलेल्या तालुक्यात. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झालं, डेक्कन कॉलेजातून बी. ए. केलं. काही काळ शाळेत शिकवलं. मग ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं आणि प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं. तरुणपणीच पत्नी गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. गरजा अगदी थोड्या ठेवल्या आणि उरलेलं आयुष्य जुन्या कागदांच्या मागे घालवलं.

कागदच का? त्या काळी मराठ्यांचा इतिहास लोक मुख्यतः दोन ठिकाणांहून शिकत. एक, ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचं 1826 साली निघालेलं पुस्तक. दुसरं, बखरी. मूळ पत्रव्यवहार मात्र सरदारांच्या, कारकुनांच्या, कुळकर्ण्यांच्या वंशजांकडे घरोघर पडून होता. कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणतात. रुमाल माळ्यावर, कोठीत किंवा पेटाऱ्यात. घरात दप्तर आहे याचा अभिमान असायचा, पण ते सोडून बघायला कोणाला सवड नसायची. बाहेरून रुमाल धड दिसायचा. आत कसर, वाळवी, उंदीर आणि कोकणात तर वर्षाचे चार महिने ओल.

मित्रांनो, डिस्कवरचा डेटा असाच मरतो. डिस्क लाखो-कोटी छोट्या कप्प्यांत माहिती ठेवते, त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर खराब झाला तर डिस्कला ते सहसा तो वाचायला गेल्यावरच कळतं. तुम्ही पाच वर्षांपूर्वीचे फोटो उघडतच नसाल, तर तिथला खराब सेक्टर पाच वर्षं लपून राहू शकतो. मग दुसरी डिस्क जाते, रिबिल्डसाठी पहिली डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचावी लागते आणि लपलेलं सगळं त्याच दिवशी वर येतं. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं.

बखर वाचू नका, पत्र वाचा

राजवाड्यांना वाईत पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली. 1750 ते 1761 या वर्षांतला हा पत्रव्यवहार त्यांनी 1898 मध्ये छापला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा तो पहिला खंड. त्याला लांबलचक प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात बखरींची झाडाझडती घेतली. बखर बहुतेक वेळा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली असते, गोष्ट रंगवून सांगते, नावं आणि तारखा चुकवते. पत्र त्या दिवशी, त्या कामासाठी लिहिलेलं असतं. त्यात शोभा नसते, पण आज धान्य किती उरलं आणि फौज कुठे पोचली हे असतं.

पत्रं वाचणंही सोपं नव्हतं. पुष्कळ पत्रांवर महिना आणि चंद्र असतो, वर्षच नसतं. मजकुरातल्या माणसांवरून आणि प्रसंगांवरून वर्ष ठरवावं लागतं. हे काम राजवाड्यांनी पत्रामागून पत्र घेऊन केलं.

आता नॅसचं पॅनेल बघा. ‘हेल्दी’ हा हिरवा शब्द म्हणजे बखर. खरी पत्रं त्याच्या खाली असतात, ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात. प्रत्येक डिस्क स्वतःच्या नोंदी स्वतः ठेवते, त्यांचा हा तक्ता. त्यातल्या या ओळी बघा:

- क्रमांक 5, रीअलोकेटेड सेक्टर: खराब म्हणून बाद केलेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर. आकडा शून्य हवा. थोडा असून स्थिर असेल तर लक्ष ठेवा, वाढत असेल तर डिस्क बदला.
- क्रमांक 197, पेंडिंग सेक्टर: वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. माझ्या डिस्कवर हाच आकडा वाढला होता.
- क्रमांक 198, अनकरेक्टेबल: डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर.
- क्रमांक 199, सीआरसी एरर: हा वाढला तर डिस्कआधी केबल आणि कनेक्टर तपासा.
- क्रमांक 194, तापमान: उन्हाळ्यात बंद कपाटात नॅस ठेवली असेल तर हे रोज बघा.

आणि पत्रंही सगळं सांगत नाहीत, हे लक्षात असू द्या. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्के डिस्कवर स्मार्टच्या सगळ्यात महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकही वाढलेली नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या 60 दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता 39 पट होती. म्हणजे आकडे वाढले तर घाबरायचं, आणि नाही वाढले तरी निर्धास्त व्हायचं नाही.

पुन्हा पुन्हा दारात

पहिल्या खंडानंतर राजवाडे थांबले नाहीत. गावोगाव फिरले. कागद दाखवायला लोक सहजी तयार नसत. काही देत, काही टाळत. तरी ते पुन्हा जात, रुमाल सोडायला लावत, वाचत, नकला करत. असे या मालेचे 22 खंड झाले. अचानक घबाड सापडावं असं हे काम नव्हतं. ती रोजची चाकरी होती.

डिस्कच्या बाबतीत या चाकरीचे दोन भाग आहेत. पहिला, स्मार्ट टेस्ट. शॉर्ट टेस्ट दोन-तीन मिनिटांत होते आणि वरवर बघते. लाँग टेस्ट पूर्ण डिस्क वाचते, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. रुमाल सोडून एकेक कागद बघणं म्हणजे लाँग टेस्ट.

दुसरा भाग, स्क्रबिंग. यात नॅस सगळ्या डिस्कवरचा डेटा वाचून एकमेकांशी ताडून बघते. एका डिस्कवर सेक्टर वाचता आला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरून तो मजकूर घेऊन पुन्हा लिहिते, आणि खराब जागा बाद होते. ही दुरुस्ती दोन्ही डिस्क जिवंत असतानाच होऊ शकते. मी दर महिन्याला स्क्रब लावला असता, तर ते 63 स्कॅन बहुधा वाचले असते. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर आणखी बरं. तिथे प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूण, ठेवलेली असते. त्यामुळे दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे ठरवता येतं.

घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात कंपन्या स्वतःच लिहितात की 10 च्या चौदाव्या घाताइतके बिट वाचताना एखादी चूक होऊ शकते. हे साधारण 12.5 टेराबाइट होतात. आजच्या मोठ्या डिस्कच्या मानाने हा आकडा काही फार नाही.

छापलं म्हणून उरलं

राजवाडे कागद गोळा करून पेटीत ठेवत बसले असते, तर एका ठिकाणचा धोका दुसऱ्या ठिकाणी गेला असता, एवढंच. त्यांनी मोडीतला मजकूर देवनागरीत उतरवला आणि छापला. छापल्यामुळे एकाच्या अनेक प्रती झाल्या, वेगवेगळ्या गावांत गेल्या. देवनागरी केल्यामुळे मोडी न येणाऱ्यालाही तो वाचता आला. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात ते पुढे होते. त्यामुळे कागदांना घर मिळालं आणि त्यांवर काम करणारी माणसंही जमली.

आपल्याकडे याला बॅकअप म्हणतात, आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेडमधल्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच प्लगवर, एकाच पुराच्या वाटेत असतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझे 19 स्कॅन वाचले ते घराबाहेरच्या प्रतीमुळे, आणि तीसुद्धा चुकून झालेली!

एकट्याचा धोका

राजवाड्यांचा स्वभाव कडक होता. पुढे मंडळाशी मतभेद झाले. शेवटचा काळ धुळ्यात गेला, आणि 31 डिसेंबर 1926 ला ते तिथेच वारले. मागे पुष्कळ काम अर्धवट होतं. पण लगेच 1927 मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्यानंतरच छापून निघाला. दुसऱ्यांनी रुमाल हातात घेतले म्हणून ते काम आपल्यापर्यंत आलं.

हे वाचताना मी थांबलो. आमच्या नॅसचा पासवर्ड फक्त मला माहीत होता. सूचना फक्त माझ्या मेलवर यायच्या, त्याही मी न वाचलेल्या शेकडो मेलखाली. घरातल्या कागदांचा मी एकटाच राखणदार, आणि तोही झोपलेला.

आता मी काय करतो

1. दर आठवड्याला शॉर्ट टेस्ट, दर महिन्याला लाँग टेस्ट. वेळापत्रक नॅसमध्येच लावलं आहे.
2. दर महिन्याला स्क्रब, पण लाँग टेस्टच्या आठवड्यात नाही. दोन्ही एकदम चालले तर डिस्कवर ताण येतो.
3. महिन्यातून एकदा स्मार्टचे आकडे वहीत लिहितो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकडा वाढतोय का, हे महत्त्वाचं.
4. नवी डिस्क आली की डेटा टाकण्याआधी लाँग टेस्ट.
5. नॅसला यूपीएस. पावसाळ्यात वीज कशी जाते-येते, हे पनवेलकरांना सांगायला नको.
6. एक प्रत डोंबिवलीला आत्याकडे. दर तीन महिन्यांनी त्यातल्या दहा फाइल उघडून बघतो. न उघडलेला बॅकअप म्हणजे न सोडलेला रुमाल.
7. सूचना आईच्या आणि बहिणीच्या फोनवरही जातात. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात आहे.

त्या 44 कागदांत काय होतं, हे मला सांगता येणार नाही. मी ते स्कॅन केले होते, वाचले नव्हते, कारण मोडी येत नव्हती. आता काकांकडे दर रविवारी शिकतोय आणि उरलेले एकेक करून देवनागरीत उतरवतोय. परवा पणजोबांनी भाताच्या हिशेबाबद्दल लिहिलेलं एक पत्र पूर्ण वाचता आलं. आईने ते दोनदा वाचून घेतलं.

हा लेख बंद केलात की तुमच्या नॅसचं पॅनेल उघडा आणि शेवटची लाँग टेस्ट कोणत्या तारखेला झाली ते बघा. तारीखच नसेल, तर आज रात्री झोपण्याआधी लावून टाका.