८८७ रुपये शिल्लक

सुट्टीवरून परत येताना माझी गाडी पहाटे सीएसएमटीला लागते. बॅग ओढत बाहेर आलं की आपण सगळेच आधी स्टेशनकडे वळून बघतो, फोटो काढतो आणि सबवेत शिरतो. रस्त्यापलीकडे एक उंच मनोरा उभा असतो, त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. ती महापालिकेची इमारत. पावसाळ्यात खड्डे आणि तुंबलेलं पाणी यांच्या बातम्या लागल्या की बातमीदाराच्या मागे दिसते तीच.

स्टेशन आणि पालिका, या दोन्ही इमारतींचं ड्रॉइंग एकाच माणसाचं आहे हे मला सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण या माणसाबद्दल आपल्या मॅगझिनमध्ये कोणीतरी लिहायला हवं होतं, विशेषतः त्याच्या दुसऱ्या इमारतीबद्दल.

स्टीव्हन्सचा जन्म १८४७ सालचा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. तिथेच चार्ल्स डेव्हिस नावाच्या आर्किटेक्टकडे तो उमेदवारीला लागला. पुढे हिंदुस्थानातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याची परीक्षा देऊन तो पास झाला आणि १८६७ साली असिस्टंट इंजिनिअर म्हणून इकडे आला. वय विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याएवढंच! पहिलं पोस्टिंग पुण्याला. तिथून लवकरच मुंबईला बदली झाली.

मुंबई तेव्हा नुसती खणलेली आणि बांधत असलेली होती. किल्ल्याचे तट नुकतेच पाडले होते आणि मोकळ्या जागेत एकामागून एक सरकारी इमारती उठत होत्या. तरुण इंजिनिअरला याहून चांगली शाळा कुठली मिळणार? स्टीव्हन्सचं पहिलं मोठं काम म्हणजे खलाशांसाठी बांधलेलं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. ते १८७६ साली पूर्ण झालं. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

मग आलं व्हिक्टोरिया टर्मिनस. जीआयपी रेल्वेने हे काम स्टीव्हन्सला दिलं, तेव्हा तो तिशीचा होता. त्याने दहा महिने युरोपात फिरून तिथली स्टेशनं बघितली आणि परत येऊन ड्रॉइंगला बसला. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ते बांधकाम चाललं. साइटवर त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे आपले इंजिनिअर होते. कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मधला घुमट दगडी फासळ्या एकमेकींत अडकवत, खालून सेंटरिंग न देता उभा केला. आपण साधा स्लॅब टाकायचा म्हटलं तरी आधी प्रॉप मोजतो! याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, २००४ साली युनेस्कोच्या यादीतही ते गेलं, म्हणून मी इथे थांबते.

मला सांगायचंय ते रस्त्यापलीकडचं.

मुंबईत टाऊन हॉल तसा आधीपासून होता. फोर्टमधला, १८३३ साली पूर्ण झालेला, आज ज्याला आपण एशियाटिक लायब्ररी म्हणतो तो. पण शहराचा कारभार करणाऱ्या म्युनिसिपालिटीला स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं. ऑफिस आधी गिरगाव रोडच्या टोकाला एका साध्या इमारतीत होतं. १८७० साली ते काळा घोड्याजवळ, वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट यांच्या मधल्या जागेत गेलं. कामं वाढत होती आणि जागा पुरत नव्हती.

शेवटी ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसवली. आणि मग? मग साडेचार वर्षं काही नाही. प्रत्यक्ष काम सुरू झालं २५ एप्रिल १८८९ ला. कोनशिला आणि काम यांच्यातलं हे अंतर आपल्याला काही नवीन नाही म्हणा.

मधल्या काळात डिझाइनचा प्रश्न होता. रॉबर्ट चिझम हा मद्रासचा नावाजलेला आर्किटेक्ट रिंगणात होता. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ज्याने पुरा केला तोच हा. त्याची शैली इंडो-सारासेनिक, म्हणजे इथल्या घुमट-कमानी घेऊन केलेली. स्टीव्हन्स गॉथिकवाला. १८८४ सालीच त्याने सरकारी नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. म्हणजे आता पगार आणि पेन्शन पाठीशी नव्हती, काम मिळालं तरच चूल पेटणार.

काम स्टीव्हन्सला मिळालं. पण मला वाटतं, खरी अडचण त्यानंतर सुरू झाली असणार. कारण ही इमारत उभी राहणार होती थेट त्याच्याच व्हीटीसमोर. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम नुकतंच पूर्ण झालेलं, सगळं शहर त्याची वाहवा करतंय, आणि आता त्याच्याकडे तोंड करून दुसरी इमारत बांधायची. तेच पुन्हा केलं तर नक्कल म्हणणार आणि कमी पडलं तर लोक समोर बघून हसणार. त्यात प्लॉट कसा, तर त्रिकोणी! दोन रस्ते तिरके येऊन मिळतात, त्या बेचक्यातला.

त्याने त्या टोकालाच हत्यार केलं. दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन बाजू सोडल्या आणि त्या जिथे मिळतात तिथे, अगदी कोपऱ्यावर, मुख्य दरवाजा देऊन वर २५५ फुटी मनोरा चढवला. व्हीटी आडवं पसरलेलं आहे, ही इमारत सरळ वर जाते. त्यामुळे दोघांची तुलनाच होत नाही. शिवाय अंग गॉथिक ठेवून डोक्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट घातले. ज्या शैलीला मागे टाकून काम मिळवलं, तिच्यातलंच चांगलं ते उचललं, असं मी तरी समजते. दर्शनी भागावर पंख असलेली एक स्त्री उभी आहे, ती म्हणजे मुंबई. हिंदुस्थानातलं पहिलं शहर आपणच, असा तेव्हाचा दिमाख होता! आणि हे सगळं दगडावर दगड ठेवून. आरसीसी आपल्याकडे यायचं होतं.

३१ जुलै १८९३ रोजी इमारत पूर्ण झाली. आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो आकडा. मंजूर रक्कम होती ११,८८,९६९ रुपये. खर्च झाला ११,८८,०८२ रुपये. शिल्लक ८८७ रुपये.

मागच्या सेमिस्टरला एस्टिमेशनच्या सबमिशनमध्ये मी एका साध्या बंगल्याच्या प्लास्टरमधून दारं-खिडक्या वजा करायला विसरले होते. शीट परत आली, आणि वर सगळ्या वर्गासमोर उद्धार झाला तो वेगळाच. त्या रात्री रूमवर बसून मी हा आकडा वाचला आणि दोनदा कॅलक्युलेटरवर वजाबाकी करून बघितली. चार वर्षांचं काम, एवढं कोरीवकाम, २५५ फुटांचा मनोरा, आणि हिशेब हजार रुपयांच्या आत जुळलेला. सरकारी बांधकामात! माझी रूममेट म्हणाली की शेवटी कोणीतरी बसवला असेल हिशेब. असेलही. तरी मला तो माणूस व्हीटीपेक्षा या आकड्यात जास्त भेटतो.

पुढे त्याने चर्चगेटला बीबीसीआय रेल्वेचं मुख्यालय बांधलं. ते १८९९ साली पुरं झालं, आज तिथे पश्चिम रेल्वे आहे. म्हणजे मुंबईच्या दोन्ही रेल्वे आणि मधली पालिका, तिन्ही घरं याचीच.

पण ते काम चालू असताना शहराची दशा वाईट होती. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. तीन वर्षांपूर्वी दिमाखात उभ्या राहिलेल्या इमारतीत आता मेलेल्यांचे आकडे येत होते. स्टीव्हन्स मुंबईतच राहिला. प्लेगने त्याला धरलं नाही, धरलं मलेरियाने. मार्च १९०० मध्ये तो गेला, वय ५२. मलेरिया डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला शोधून काढलं १८९७ साली, म्हणजे फक्त तीन वर्षं आधी. ज्ञान होतं, पण ते गल्लीतल्या गटारापर्यंत पोचायला वेळ लागतो. स्टीव्हन्सला शिवडीच्या दफनभूमीत पुरलं. त्याचा मुलगा चार्ल्स, तोही आर्किटेक्ट झाला. कुलाब्याचं रीगल सिनेमा, १९३३ सालचं, ते त्याचं.

आता मलेरियाचा बंदोबस्त पालिकेचा कीटकनाशक विभाग करतो. पावसाळ्यात त्यांची माणसं आपल्या होस्टेलच्या मागे धूर मारायला येतात आणि आपण नाकाला रुमाल लावून, खिडक्या आपटत, त्यांना शिव्या देतो. मागच्या जुलैत मी पहिल्यांदा खिडकी लावून गप्प बसले.