गाडीची नाडी ओळखणारे केन माइल्स

मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. शर्यतीपूर्वी गाडी कोणी तपासली, तिच्यातील दोष कोणी हुडकला आणि तो कसा दूर झाला, याची नोंद क्वचितच राहते. केन माइल्स हे या नियमाला अपवाद ठरलेले नाव आहे. ते कसलेले चालक तर होतेच. परंतु गाडी चालवताना बिघाडाचे मूळ ओळखणे आणि कार्यशाळेत परतल्यावर हातात पाना घेऊन तो दुरुस्त करणे, या दोन्ही गोष्टी साधलेल्या मोजक्या व्यक्तींपैकी ते एक होते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे १ नोव्हेंबर १९१८ रोजी माइल्स यांचा जन्म झाला. शालेय शिक्षणात त्यांचे मन फारसे रमले नाही. वुल्झली या मोटार कंपनीत उमेदवारी करत त्यांनी यंत्रविद्येचे धडे गिरवले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या रणगाडा दलात होते. युद्धानंतर जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन ते शर्यतींत उतरू लागले.

१९५२ मध्ये ते अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. ‘एमजी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या दक्षिण कॅलिफोर्नियातील वितरकाकडे त्यांना सर्व्हिस मॅनेजरची नोकरी मिळाली होती. त्या काळी या छोट्या, देखण्या गाड्यांची अमेरिकी तरुणांना भुरळ पडली होती. मात्र त्या सतत निगा मागत. इंजिन ‘मिसिंग’ करू लागले, की दोष पेट्रोलचा की ठिणगीचा, हे आधी ठरवावे लागे. विजेवर चालणारा पेट्रोल पंप हा त्यातला एक दुवा होता. चावी फिरवल्यावर पंप टिकटिकू लागे आणि कार्बुरेटर भरला की शांत होई. टिकटिक थांबलीच नाही, तर टाकीत पेट्रोल नाही किंवा नळीतून हवा शिरते आहे, असा अंदाज बांधता येई. आवाजच आला नाही, तर वीज पोहोचत नाही किंवा पंपातील पॉइंट्स जळाले आहेत, असा संशय घ्यावा लागे. दोन कार्बुरेटरपैकी एक अधिक हवा ओढत असेल, तर इंजिन एकसारखे चालत नसे. असा एकेक शक्य दोष तपासून बाजूला सारत जाणे, हीच या कामाची रीत होती.

याच गाड्यांचे भाग वापरून माइल्स यांनी स्वतःची शर्यतीची गाडी बांधली. ‘आर-वन’ नावाच्या या गाडीने १९५३ च्या मोसमात कॅलिफोर्नियातील शर्यती गाजवल्या. पाठोपाठ ‘फ्लाइंग शिंगल’ ही दुसरी गाडी आली. पुढे कूपर गाडीच्या सांगाड्यात पोर्शचे इंजिन बसवून त्यांनी तयार केलेली गाडी ‘पूपर’ या गमतीदार नावाने ओळखली गेली. स्वतःची कार्यशाळाही त्यांनी काढली. परंतु व्यवहाराचे गणित त्यांना जमले नाही आणि करथकबाकीपोटी ती बंद पडली.

१९६३ मध्ये ते कॅरोल शेल्बी यांच्या कंपनीत दाखल झाले. तेथील कोब्रा गाडी वेगवान होती. मात्र लांब सरळ रस्त्यावर तिचा वेग एका मर्यादेपुढे जात नसे. कमतरता इंजिनात नव्हती, उघड्या गाडीला होणाऱ्या हवेच्या विरोधात होती. पीटर ब्रॉक यांनी आखलेल्या बंदिस्त डेटोना कूपची पहिली चाचणी १९६४ च्या आरंभी माइल्स यांनीच घेतली आणि हे निदान खरे ठरले.

त्यांची खरी कसोटी लागली ती फोर्डच्या जीटी-४० गाडीवर. १९६४ च्या ल मान्स शर्यतीत उतरलेल्या तिन्ही गाड्या बाद झाल्या होत्या; दोन गिअरबॉक्समुळे, तर एक आग लागल्याने. अतिवेगात मागचा भाग उचलला जाण्याचा दोष त्याआधीच्या सरावातच दिसला होता. वर्षअखेरीस हे काम शेल्बी यांच्याकडे आले. गाडीवर लोकरीचे धागे चिकटवून हवेचा प्रवाह पाहण्यात आला, मोजमापाची उपकरणे बसवण्यात आली आणि अभियंता फिल रेमिंग्टन यांच्यासह माइल्स यांनी दोषांची यादी एकेक करून कमी केली. फेब्रुवारी १९६५ मध्ये लॉइड रुबी यांच्या साथीने त्यांनी डेटोनाची २००० किलोमीटरची शर्यत जिंकली. त्याच वर्षी ल मान्स येथे मात्र सात लिटर इंजिनाच्या नव्या गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला.

इतक्या जड आणि वेगवान गाडीला थांबवणे ही निराळीच अडचण होती. ब्रेकच्या डिस्क लालबुंद होत आणि पुढच्या सरळ रस्त्यावरच्या गार वाऱ्याने तडकत. रेमिंग्टन यांनी डिस्क झटपट बदलता येतील अशी रचना केली. १९६६ मध्ये या परिश्रमांना फळ आले. त्या वर्षी प्रथमच २४ तासांची झालेली डेटोना आणि त्यापाठोपाठ सेब्रिंगची १२ तासांची शर्यत माइल्स व रुबी यांनी जिंकली.

जूनमध्ये ल मान्स येथे पहिल्याच फेरीत दार नीट बंद होत नसल्याने माइल्स यांना थांबावे लागले. तरीही त्यांनी आणि डेनी हल्म यांनी आघाडी मिळवली. अखेरच्या टप्प्यात फोर्डच्या अधिकाऱ्यांनी आपल्या गाड्या एकत्र अंतिम रेषेवर आणण्याचे ठरवले आणि माइल्स यांनी वेग कमी केला. परंतु ब्रूस मॅक्लारेन व ख्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणजे तिने अधिक अंतर कापले, असे सांगून आयोजकांनी विजय त्यांना बहाल केला. एकाच वर्षी तिन्ही मोठ्या शर्यती जिंकण्याचा माइल्स यांचा मान असा हुकला.

जेमतेम दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे फोर्डच्या नव्या ‘जे-कार’ची चाचणी घेताना, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी गाडी बेकाबू होऊन उलटली. तिचे तुकडे झाले, तिने पेट घेतला आणि माइल्स जागीच ठार झाले. वय होते ४७. त्या अपघाताचे नेमके कारण कधीच निश्चित होऊ शकले नाही.

मात्र त्या गाडीतील उणिवा फोर्डला नजरेआड करता आल्या नाहीत. तिचे बाह्यरूप बदलण्यात आले आणि आत पोलादी नळ्यांचा भक्कम पिंजरा बसवण्यात आला. ‘मार्क फोर’ या नावाने १९६७ मध्ये उतरलेल्या या गाडीने ल मान्स जिंकली. त्याच शर्यतीत मारिओ आंद्रेती यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. ते जखमी झाले, परंतु बचावले.

अमेरिकेच्या मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये माइल्स यांचा समावेश २००१ मध्ये झाला. २०१९ मधील एका हॉलिवूडपटाने त्यांचे नाव जगभर नेले. पडद्यावर त्यांचा हुकलेला विजय ठळकपणे दिसतो. त्यामागे कार्यशाळेतील तपासणीची आणि चाचणीच्या फेऱ्यांची अनेक वर्षे होती, आणि त्यांच्या अखेरच्या चाचणीतून मिळालेला धडा पुढच्या चालकांच्या कामी आला.