शेती पिकली तर राज्य तगेल : वसंतराव नाईक

शेतकरी बंधूंनो, १ जुलैला आपल्या गणेशपुरी-वज्रेश्वरी पट्ट्यात भातलावणीची लगबग असते. वसंतराव नाईकांचा जन्मदिवस म्हणून त्याच दिवशी राज्यात कृषी दिन पाळतात. ग्रामपंचायतीत फोटोला हार घातला की आपण मोकळे! पण हा माणूस आपल्या कामाचा का, ते बघा.

१९१३ साली पुसद तालुक्यातल्या गहुलीत, बंजारा शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. नागपूरला शिकून वकील झाले, पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार. द्वैभाषिक मुंबई राज्यात शेतीखाते त्यांनी सांभाळले. पुढे महसूलमंत्री असताना पंचायत राज्याच्या समितीचे ते अध्यक्ष होते. भाऊसाहेब, १९६२ पासूनची तुमची जिल्हा परिषद आणि पंचायत समिती त्याच समितीच्या अहवालातून उभी राहिली.

१९६३ च्या डिसेंबरात ते मुख्यमंत्री झाले, ते १९७५ पर्यंत. तेव्हा रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा. धान्य बाहेरून आणायचे तर राज्याचा पैसा बाहेर जाणार; तेच शिवारात पिकले तर गावाच्या हाती पैसा खेळणार. म्हणून त्यांनी हायब्रीड ज्वारी, खत आणि विहिरींवर जोर दिला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळातली. आपण कर्जतचे भाताचे वाण लावतो ना? ते केंद्र दापोलीच्याच विद्यापीठाचे.

१९७२ चा दुष्काळ पडला. सरकारने बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशी कामे काढली. ऐन भरात सुमारे ५० लाख माणसे कामावर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर गेली. १९७७ ला राज्याने त्याचा कायदा केला, २००५ ला देशाने. नाईकसाहेब मात्र १९७९ सालीच गेले.

आज राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम दहा-बारा टक्के. पण २०११ च्या जनगणनेत कामकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त शेतकरी आणि शेतमजूरच होते. म्हणजे खाणारी तोंडे अर्धी, ताटात घास दहावा! म्हणूनच भिवंडीकडे भातखाचरांवर गोदामे चढली. तेव्हा यंदाच्या कृषी दिनाला हार घाला, पण ग्रामसभेत दोन प्रश्नही विचारा : गावात भाताखाली किती एकर उरले, आणि भात निघाल्यावर त्याला पाणी कुठून द्यायचे?