जुन्या पद्मिनीत कोणतं पेट्रोल भरायचं? आधी थॉमस मिजली समजून घ्या

सावद्यात आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर काढली तर बोनेटखालून पेट्रोलचा वास. फ्युएल पंपाचा रबरी पडदा फुगून फाटला होता, पाइपही मऊ पडला होता. सल्ले लगेच आले : महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भर, शिशाचं ॲडिटिव्ह टाक. हे ‘शिसं’ पेट्रोलमध्ये आलं कुठून, ते शोधताना मी थॉमस मिजलीपर्यंत पोचलो.

मिजलीचा जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि १९१६ मध्ये डेटनला चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत लागला. तिथं प्रश्न होता नॉकिंगचा. म्हणजे काय, तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि इंजिन ठोके दिल्यासारखं खडखडतं. चढावर जास्तच. पेट्रोल हे जितकं सहन करतं, तितका त्याचा ऑक्टेन आकडा मोठा.

गंमत म्हणजे सुरुवात चुकीच्या तर्कातून झाली. इंधन लाल रंगाचं असेल तर उष्णता लवकर शोषेल, असं त्यांना वाटलं. हाताशी आयोडीन होतं, ते घातलं. नॉकिंग कमी झालं! पण बाकीचे लाल रंग घातले तर काहीच फरक नाही. काम रंगाचं नव्हतं, रसायनाचं होतं. मग मिजलीनं एकेक पदार्थ घालून बघायचा सपाटाच लावला. टेल्युरियम चाललं, पण त्याचा लसणासारखा दर्प माणसांच्या अंगाला चिकटून राहायचा. शेवटी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं. अगदी थोडंसं घातलं तरी पुरायचं.

इथं मी थांबलो, कारण मिजलीला दुसरा उपायही माहीत होता : अल्कोहोल, म्हणजे आजचं इथेनॉल. त्यानं ते तपासलं होतं आणि त्यानं नॉकिंग थांबतही होतं. पण ते भरपूर मिसळावं लागायचं, आणि कुणीही शेतमालातून बनवू शकायचं. पेटंटवर कमाई शिशातच होती. १९२३ मध्ये डेटनच्या पंपावर विक्री सुरू झाली. ब्रँडचं नाव ठेवलं ‘इथिल’, त्यात शिशाचा उल्लेखच नाही.

शिसं विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होतं. त्याच वर्षी मिजलीला स्वतःला शिशाची बाधा झाली आणि सुटी घेऊन फ्लोरिडाला जावं लागलं. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार दगावले. त्यानंतर मिजलीनं पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. स्वतः आजारी पडून उठलेल्या माणसानं हे करावं, हे मला अजून पचत नाही.

पुढे त्यानं फ्रिजसाठी फ्रेऑन वायूही शोधला. तो ओझोनला घातक ठरला, पण ते त्याच्या हयातीत कळलं नाही. १९४० मध्ये पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्यानं दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. वय ५५.

त्याचं शिसं मात्र धुरातून मुलांच्या रक्तात आणि मेंदूत जात राहिलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. आणि मिजलीनं बाजूला ठेवलेलं अल्कोहोल आता ई२० म्हणून परत आलंय, २० टक्के. ते उसापासूनही बनतं.

आता पद्मिनीकडे येऊ. तिचं कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन तिला पुरतो. इथेनॉलनं तो उलट वाढतोच. म्हणजे फक्त ऑक्टेनसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही, आणि महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं असंही नसतं. बिनइथेनॉलचं खात्रीनं मिळत असेल तर जुन्या रबरासाठी ते बरंच. शिशाचा एक फायदा खरा होता : एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर त्याचा थर बसायचा आणि झीज कमी व्हायची. पण ती झीज होते सतत जोरात दामटल्यावर. फैजपूर-रावेरपर्यंत निवांत जाणाऱ्या गाडीला तिची फारशी काळजी नाही. कधी इंजिन उघडलंच, तर कडक सीट बसवून घ्यायच्या. शिशाचं ॲडिटिव्ह नकोच.

खरा धोका रबराला. इथेनॉल जुने पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर खराब करतं. ते ओलावाही ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीत पाणी आणि गंज. त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं आणि गाडी पिकअपला अडखळते. मी पंपाचा पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे टाकले, कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा बसवून घेतला. पेट्रोल पंपावरचं साधंच भरतो, पण थोडं थोडं, आणि दर रविवारी बऱ्हाणपूर रस्त्यानं केळीच्या ट्रकांमागून एक चक्कर मारून आणतो.