ग्रंथांचा धनी : ख्वाजा महमूद गवान



आपण कधी बिदरला गेलात, तर किल्ला पाहण्यापूर्वी वाटेवरील महमूद गवानच्या मदरशापाशी क्षणभर थांबा. दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे. त्यावरील रंगीत फरशांचे तुकडे पाहून मूळच्या वैभवाची कल्पना आपल्याला येईल.

ख्वाजांचा जन्म इराणातील गीलान प्रांतात १४११ च्या सुमारास झाला. चाळिशी ओलांडल्यावर, १४५३ च्या सुमारास, ते व्यापारानिमित्त आपल्या कोकणातील दाभोळ बंदरात उतरले आणि तेथून बिदरला पोहोचले. त्यांची विद्वत्ता पाहून बहमनी सुलतानांनी त्यांना दरबारी ठेवून घेतले. पुढे ते वजीर झाले. १४७२ मध्ये त्यांनी गोवा जिंकले, आणि त्याच वर्षी बिदरचा मदरसा पूर्ण झाला.

ही तीन मजली वास्तू म्हणजे ख्वाजांच्या आयुष्याची खरी कमाई. येथे मशीद होती, व्याख्यानगृहे होती, विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या राहण्याच्या खोल्या होत्या आणि सुमारे ३००० हस्तलिखितांचे ग्रंथालय होते. छापखाना नसलेल्या त्या काळात प्रत्येक ग्रंथ हाताने उतरवावा लागे, हे ध्यानात घ्या, म्हणजे या आकड्याचे मोल आपल्याला कळेल.

राज्याचे चार सुभे मोडून त्यांनी आठ केले आणि सरदारांची सत्ता आवरली. हेच त्यांच्या जिवावर बेतले. विरोधकांनी त्यांच्या शिक्केदाराला फितवून कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली व त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले. सुलतान तिसऱ्या मुहंमदाने शहानिशा न करताच १४८१ मध्ये या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. मागाहून खजिना तपासला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावे फारसे काही निघाले नाही. वर्षभरात सुलतानही निवर्तला आणि राज्याची शकले होऊ लागली.

१६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग ढासळला. पुढे निजामाच्या राजवटीत पुरातत्त्व खात्याने उरलेली वास्तू सावरली. आज भारतीय पुरातत्त्व खाते तिचे जतन करते. भिंती वाचल्या; ग्रंथ मात्र परत आले नाहीत.

म्हणून एक विनंती. आपल्या शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप आज उघडून पाहा. एका खोट्या कागदाने ख्वाजांचा जीव घेतला. खऱ्या ग्रंथांनी त्यांचे नाव पाचशे वर्षे राखले. आपल्या मुलांच्या हाती कोणता वारसा द्यायचा, हे आपणच ठरवायचे आहे.